पदक कोणाच्या छातीवर? शिरूरची छावणी आणि शिपायांच्या नोंदी



आजचे व्याख्यान एका पदकावर आहे. चांदीचे, रुपयाहून थोडे मोठे, फिकट निळ्या फितीला लावलेले. एका बाजूला राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा. दुसऱ्या बाजूला हातात विजयमाला घेऊन बसलेली विजयदेवता, शेजारी ताडाचे झाड, आणि भोवती हिंदुस्थानच्या फौजेला उद्देशून इंग्रजी अक्षरे. खाली साल दिले आहे, १७९९-१८२६. विल्यम वायन या त्या काळच्या नामांकित कारागिराने त्याचा ठसा केला. ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ या नावाने ते ओळखले जाते. ईस्ट इंडिया कंपनीने ते जाहीर केले १८५१ साली, म्हणजे त्यातली शेवटची लढाई संपून पाव शतक उलटल्यावर.

फितीवर चांदीच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. शिपाई ज्या लढाईत होता तिचे नाव पट्टीवर. अशा एकवीस पट्ट्या मंजूर झाल्या. त्यांची यादी मी पहिल्यांदा सलग वाचली तेव्हा मन अस्वस्थ झाले. अलीगड, दिल्ली, असई, अशीरगड, लासवारी, अरगाव, गाविलगड, डीग, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, कोरेगाव. नेपाळ, आवा आणि भरतपूर बाजूला काढले, तर उरलेल्या साऱ्या पट्ट्या मराठी सत्तांशी झालेल्या लढायांच्या आहेत. शिंदे, होळकर, भोसले, पेशवे. आपले राज्य कसे गेले याचा तक्ता कोणीतरी चांदीत कोरून फितीला टांगून ठेवला आहे. आणि हे पदक ज्यांच्या छातीवर लागले त्यांतले पुष्कळ लोकही आपलेच होते, याच मुलखातले, मराठी बोलणारे. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. त्यांतली एक सोयीस्करपणे विसरून बोलणे मला मान्य नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. हे पदक फक्त हयात असलेल्यांना मिळणार होते. १८५१ साली जो जिवंत आहे, आणि ज्याने मागणी केली आहे, त्यालाच. लढाईत मेलेल्याला नाही, नंतर तापाने गेलेल्याला नाही, त्याच्या बायकोला किंवा मुलालाही नाही. हिशेब करून पाहा. असईला १८०३ साली वीस वर्षांचा असलेला शिपाई १८५१ मध्ये अडुसष्ट वर्षांचा. कोरेगावला वीस वर्षांचा असलेला त्रेपन्न वर्षांचा. त्या काळी शिपाईगिरी केलेल्या माणसाने त्रेपन्न वर्षे गाठणे हीच मोठी गोष्ट. म्हणून हे पदक हातात घेणाऱ्याने पहिली गोष्ट लक्षात ठेवावी, की ते शौर्याइतकेच दीर्घायुष्याचेही आहे.

हे शिरूरला येऊन सांगण्याचे कारण आहे. या एका गावाशी ज्यांची नावे बांधली गेली आहेत अशा तीन अधिकाऱ्यांकडे पाहा.

पहिला कर्नल विल्यम वॉलेस. १८०२ च्या अखेरीस वसईचा तह झाला, पेशव्यांनी इंग्रजांची तैनाती फौज पदरी घेतली, आणि त्या फौजेची छावणी घोडनदीच्या काठी, इथे पडली. वॉलेस हा ७४ व्या पलटणीचा. असईच्या लढाईत त्याच्याकडे एक ब्रिगेड होती. त्या दिवशी ७४ व्या पलटणीचे जवळपास सारे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. पुढे गाविलगडच्या वेढ्यातही तो होता. १८०९ साली तो शिरूरला वारला आणि त्याची कबर इथेच आहे. असई, अरगाव, गाविलगड या तिन्ही पट्ट्यांचा हा माणूस. पदक निघाले तेव्हा त्याला जाऊन बेचाळीस वर्षे झाली होती.

दुसरा कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून निघालेल्या तुकडीचा म्होरक्या, कोरेगावच्या लढाईतला सेनापती. तो १८२५ साली वारला.

तिसरा लेफ्टनंट चार्ल्स स्वॉनस्टन. त्याच तुकडीतल्या स्वारांचा अधिकारी, कोरेगावला जखमी झालेला. त्याने पुढे फौज सोडली, टास्मानियात गेला, तिथल्या डरवेंट बँकेचा कारभार पाहिला, आणि ऑस्ट्रेलियात मेलबर्नची वसाहत उभी करणाऱ्या मंडळींत त्याचे नाव आले. मेलबर्नमधला स्वॉनस्टन स्ट्रीट हा मोठा रस्ता त्याच्याच नावाचा. आज शिरूर तालुक्यातली मुले शिकायला मेलबर्नला जातात. त्या रस्त्यावरून चालताना त्यांना कोणी सांगत नसेल, की हा माणूस एका कडाक्याच्या रात्री आपल्या घोडनदीहून स्वार घेऊन निघाला होता. तो १८५० साली समुद्रप्रवासात वारला. पदक जाहीर झाले त्याच्या पुढच्या वर्षी.

तिघांच्याही हाती हे पदक पडले नाही. अधिकाऱ्यांची ही कथा, तर शिपायांची काय असेल?

त्या रात्रीची हकीकत आपणा सर्वांना थोडीफार माहीत आहे. तरी नोंदींच्या अंगाने ती पुन्हा सांगतो. पुण्यात कर्नल बर याच्याजवळ फौज कमी होती आणि पेशवे बाजीराव परत पुण्याकडे वळल्याची खबर आली होती. त्याने शिरूरकडे कुमक मागितली. स्टाँटन रात्री आठच्या सुमारास निघाला. बरोबर मुंबई पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, सुमारे पाचशे शिपाई. नव्यानेच उभारलेल्या पुणे सहाय्यक घोडदळाचे अडीचशे-तीनशे स्वार. मद्रास तोफखान्याच्या दोन तोफा आणि त्यांचे मोजके गोलंदाज. रात्रभर चालून, सुमारे चाळीस किलोमीटर तोडून, सकाळी दहाच्या सुमारास ते कोरेगावजवळ आले. समोर भीमा, आणि पलीकडे पेशव्यांची अफाट फौज, त्यात घोडदळच वीस हजारांच्या घरात. स्टाँटन गावात शिरला. अरब, गोसावी आणि इतर पायदळाच्या तुकड्यांनी गावावर हल्ले चढवले. दिवसभर गल्ल्यागल्ल्यांतून, घराघरांतून लढाई. रात्रभर चाललेल्या माणसांना अन्न नाही, आणि रात्र पडेपर्यंत पाणीही नाही.

तुकडीबरोबर आठ इंग्रज अधिकारी होते, दोन डॉक्टर धरून. तोफखान्याचा चिझम मारला गेला, डॉक्टर विंगेट मारला गेला, अ‍ॅडज्युटंट पॅटिन्सन जखमांनी पुढे मेला, स्वॉनस्टन आणि कॉनेलन जखमी. धड राहिले तिघेच. सगळ्या तुकडीतले सुमारे ८३४ पैकी २७५ मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. पेशव्यांच्या बाजूचे पाच-सहाशे पडले असे सांगतात. रात्री पेशव्यांची फौज निघून गेली. स्टाँटन मात्र पुण्याला पोहोचलाच नाही. २ जानेवारीच्या संध्याकाळी जखमींना घेऊन तो मागे फिरला आणि ३ जानेवारीच्या सकाळी शिरूरला परतला. म्हणजे ती लढाई शिरूरहून निघाली आणि शिरूरलाच येऊन थांबली. त्या सकाळी घोडनदीच्या काठी पालखीतून, डोल्यांतून, खांद्यावरून जी माणसे उतरवली गेली, त्यांतली किती वाचली याचा हिशेब कोणत्याही पदकावर नाही.

कंपनीने स्टाँटनला गव्हर्नर जनरलचा मानाचा एडिकाँग केले, एक तलवार दिली, पाचशे गिनी दिल्या. शिपायांसाठी स्तंभ. त्याचा पाया २६ मार्च १८२१ रोजी घातला. गाव कोरेगाव, पण स्तंभ भीमेपलीकडे पेरण्याच्या हद्दीत आहे, म्हणजे शिरूर तालुका ओलांडून हवेलीत. त्यावर मजकूर इंग्रजीत आणि मराठीत आहे, आणि मारल्या गेलेल्या ४९ जणांची नावे आहेत. त्यांत ‘नाक’ असा शेवट असलेली बावीस नावे आहेत, ती महार शिपायांची. बाकीच्यांत इतर जातींचे आणि धर्मांचे लोक आहेत. जखमी झालेला जमादार खंडोजी बिन गजोजी माळवदकर याच्याकडे १८२४ साली या स्तंभाची देखभाल सोपवली गेली.

मला या स्तंभाचे महत्त्व पदकाहून मोठे वाटते. पदक वाचलेल्यांना मिळाले. स्तंभाने मेलेल्यांची नावे धरून ठेवली. त्या वेळी साध्या देशी शिपायाचे नाव दगडात कोरण्याचा विचार कोणाला सुचावा, ही गोष्ट त्या काळच्या युरोपातही सर्वसाधारण नव्हती. वॉटर्लूची लढाई १८१५ ची. तिचे पदक हे ब्रिटिश सरकारने शिपायापासून सेनापतीपर्यंत सर्वांना एकच दिलेले आणि कडेवर नाव कोरलेले पहिले मोठे पदक. त्याआधी १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेनंतर कंपनीने पदक काढले तेव्हा धातू हुद्द्याप्रमाणे वाटले होते: वरच्यांना सोने, मग सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, मग चांदी, मग ब्राँझ, आणि साध्या शिपायाला कथील. त्यावर नावही नव्हते.

इथे पेशवाईचा एक दाखला देतो. मराठी फौजेत पदके नव्हती. लढणाऱ्याला कडी, तोडे, पोशाख, इनाम मिळे. पण लढाईत पडलेल्याच्या घरासाठी एक तरतूद होती, तिला बालपरवेशी म्हणत. मेलेल्या शिपायाच्या पोराबाळांच्या पोटापाण्यासाठी दिलेली नेमणूक. कंपनीच्या फौजेतही मेलेल्यांच्या वारसांना पेन्शन देण्याची पद्धत होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण मान कोणाचा करायचा, या प्रश्नाला १८५१ च्या पदकाने दिलेले उत्तर आणि बालपरवेशीने दिलेले उत्तर यांत फार अंतर आहे. मला दुसरे उत्तर जास्त माणुसकीचे वाटते.

आता नोंदींकडे वळतो. माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे.

एकोणिसाव्या शतकात एखादा आयरिश किंवा स्कॉटिश मुलगा ब्रिटिश फौजेत भरती झाला, की त्याचा कागद तयार होई. नाव, जन्माचा पॅरिश, वय, भरतीपूर्वीचा धंदा, उंची, वर्ण, डोळ्यांचा रंग, केसांचा रंग. आयरिश म्हणालो ते उगाच नाही. १८३० च्या सुमारास ब्रिटिश फौजेतले सुमारे ४२ टक्के शिपाई आयर्लंडचे होते. मजूर, विणकर, चांभार, घरात खायला नाही म्हणून आलेले. १८४७ पर्यंत बहुतेकांची भरती जन्मभराचीच असे. दर तिमाहीला पलटणीचा हजेरीपट आणि पगारपत्रक निघे. त्यात तो कोठे होता, इस्पितळात होता का, तुरुंगात होता का, पळाला का, मेला का, हे सारे येई. एकवीस वर्षांनी किंवा निकामी झाल्यावर त्याला सोडताना आणखी एक कागद: वर्तणूक कशी होती, किती वर्षे हिंदुस्थानात होता, कोणत्या जखमा, कोणती पदके. हे कागद लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवलेले आहेत. कंपनीच्या स्वतःच्या गोऱ्या पलटणींचे हजेरीपट इंडिया ऑफिसच्या कागदांत, ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मुंबई इलाख्यातल्या युरोपियनांचे जन्म, लग्ने आणि दफने यांची रजिस्टरेही तिथेच. शिरूरच्या छावणीत जे गोरे पुरले गेले त्यांची नोंद त्यांत शोधता येते.

म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी घोडनदीच्या काठी पटकीने मेलेल्या एखाद्या आयरिश पोराचे डोळे निळे होते की घारे, हे आज त्याच्या गावच्या माणसाला कधी कधी सांगता येते. पटकीचा उल्लेख मुद्दाम केला. १८१७ साली बंगालात उसळलेली ती साथ पुढच्या वर्षी औरंगाबाद, अहमदनगर करत शिरूरला आली आणि मग पुणे, पनवेलवरून मुंबईला उतरली. फौजा हलत होत्या तसा रोगही हलत होता. त्या काळच्या फौजांत गोळीपेक्षा रोगाने जास्त माणसे जात, आणि रोगाने मेलेल्याच्या नावे पदक नसते.

आता त्याच छावणीतल्या शेजारच्या राहुटीतल्या देशी शिपायाचा विचार करा. समजा तो शिरूर तालुक्यातलाच, किंवा भीमेच्या पलीकडचा, दौंडकडचा. त्याचीही नोंद होई. पलटणीच्या लांब पटात त्याचे नाव, बापाचे नाव, जात, गाव, परगणा, उंची, अंगावरच्या खुणा लिहीत. पण हे पट पलटणीजवळ राहत. पलटणी मोडल्या, जोडल्या, त्यांचे आकडे बदलले, आणि जुने पट बहुतेक नाहीसे झाले. गोऱ्या शिपायाचा कागद दोनशे वर्षे जपला गेला, कारण लंडनमध्ये कोणीतरी तो जपण्याचा खर्च केला. देशी शिपायाचा जपला नाही, कारण त्याच्या मुलखात राज्य करणाऱ्यांना तो जपावासा वाटला नाही. स्वातंत्र्यानंतर आपण तो शोधला नाही, हा दोष आपला.

पदकाच्या कडेवर नाव कोरलेले असते. नाव, हुद्दा, पलटण. संग्राहकाला पदक म्हणजे ती कड. कारण पट्टी खोटी बसवता येते, आणि कोरेगावची पट्टी इतकी दुर्मिळ, की ती खोटी बसवण्याचा मोह बाजाराला होणारच. खरे-खोटे ठरते ते मूळ यादीशी ताडून. यादीत नाव नसेल तर चांदी नुसती चांदी राहते. काही पदके तर मुळात कोऱ्या कडेचीच निघाली. १८३९ साली गझनीचा किल्ला पडला, त्याचे पदक शाह शुजाने देऊ केले होते. पदके तयार होऊन वाटली जाण्याआधीच तो मारला गेला, आणि हिंदुस्थान सरकारने ती वाटली. ती बिननावाची होती. ज्याला हवे त्याने स्वतःच्या पैशाने नाव कोरून घेतले. अधिकाऱ्यांनी घेतले. साध्या स्वाराला सोनाराकडे जाऊन इंग्रजीत नाव कोरून घेणे कितपत जमले असेल?

गझनीचा संबंध शिरूरशी आहे. १८१७ च्या जुलैत पेशव्यांच्या पैशावर पण इंग्रजांच्या हुकमाखाली उभारलेले ते पुणे सहाय्यक घोडदळ पुढे ‘पूना हॉर्स’ झाले, आणि त्याचे ठाणे दीर्घकाळ शिरूरला होते. ही शिलेदारी पद्धतीची पलटण. स्वार आपला घोडा, आपला सरंजाम घेऊन येई. ज्याला घोडा परवडत नाही तो बारगीर म्हणून दुसऱ्याच्या घोड्यावर बसे. घोडे कुठले? आपला दौंड तालुका पूर्वीचा भीमथडी. भीमा आणि नीरेच्या काठची ती काटक, बुटकी, कमी खाऊन दूर जाणारी तट्टे मराठ्यांच्या स्वाऱ्यांत नावाजलेली होती. शिरूर तालुक्यात आलेगाव पागा हे गाव आहे, त्याच्या नावातच पागा राहिली आहे. इंग्रजांनी मोठे, अरबी रक्ताचे घोडे पसंत केले आणि पुढे पुढे स्वार निवडण्याची पद्धतही बदलली. पण पहिल्या पिढीतल्या त्या स्वारांचा पाया इथल्याच शिलेदारीत होता, असे मी मानतो. पेशवाई बुडाल्यावर हजारो स्वार बेकार झाले. त्यांतल्या काहींना पोटासाठी शत्रूच्या पलटणीत नाव घालावे लागले. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला वाटत नाही.

ही पलटण १८३९ साली गझनीला होती. १८५७ च्या फेब्रुवारीत इराणात खुशाबच्या लढाईत होती. तिथे तिने इराणी पायदळाचे निशाण घेतले. त्या निशाणाच्या टोकावरचा चांदीचा हात आजही पलटणीचा मानबिंदू आहे. ८ फेब्रुवारी १८५७ ही ती तारीख. इथे एक स्वार घोडनदीहून निघतो, मुंबईला जहाजात चढतो, बुशेरला उतरतो, आणि परत येतो तेव्हा त्याच्याजवळ लाल फितीवर दोन निळ्या रेघा असलेले पदक असते, पट्टीवर ‘पर्शिया’. पुढे १८८० साली कंदाहार. १९६५ साली लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर आणि १९७१ साली सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल या पूना हॉर्सच्या दोन अधिकाऱ्यांना परमवीर चक्र मिळाले, दोघांनाही मरणोत्तर. मरणोत्तर. १८५१ च्या नियमाने या दोघांनाही काही मिळाले नसते. मान कोणाचा करायचा, या प्रश्नाचे उत्तर तेवढे तरी बदलले.

दौंडविषयी थोडे. पुण्याहून आगगाडी १८५८ साली दौंडवरून पुढे दिक्सळपर्यंत गेली. १८७८ साली दौंड-मनमाड रस्ता झाला आणि दौंड जंक्शन झाले. बोरघाट न उतरता दक्षिणेचा रस्ता उत्तरेच्या रस्त्याला जोडला गेला. त्यामुळे फौजेची हालचाल बदलली. घोडनदीसारख्या रस्त्याकाठच्या छावण्यांचे महत्त्व ओसरले आणि रेल्वेवरची ठाणी पुढे आली. दौंडला रेल्वेच्या वस्तीत गोरी आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे आली, आणि फौजेतून सुटलेल्या गोऱ्यांना रेल्वे ही दुसरी नोकरी होती. दौंडमधल्या जुन्या रेल्वे कुटुंबांत पेटीच्या तळाशी एखादे पदक असेल, तर त्याची कड वाचून घ्यावी.

पुन्हा कोरेगावकडे येतो, कारण सेवेच्या नोंदीचा सर्वांत मोठा उपयोग तिथून झाला. १८९० च्या दशकात इंग्रज सरकारने महारांची फौजेतली भरती बंद केली. ‘लढवय्या जाती’ नावाचे एक खूळ तेव्हा बोकाळले होते. ज्यांनी तीन-चार पिढ्या पलटणीत घालवल्या त्यांना सांगण्यात आले, की तुम्ही लढवय्ये नाही. तेव्हा पेन्शनर महार शिपाई उठले. त्यांतले गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः पलटणीतून निवृत्त झालेले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली भारतमंत्र्यांकडे अर्ज केला, त्यात कंपनीच्या काळापासूनच्या सेवेचा दाखला होता. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ याच परंपरेतले. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभाशी आले. स्तंभावरची बावीस नावे तेव्हा एका समाजाने राज्यकर्त्यांसमोर आणि आपल्या देशबांधवांसमोर ठेवलेला पुरावा झाली. ज्यांच्या घरी जमिनीचा उतारा नाही, वंशावळ कोणी लिहिली नाही, गावच्या दप्तरात ज्यांची नोंद वेठीपुरती, त्यांच्या हाती हा एक कागद होता, दगडावरचा. तो त्यांनी वाचला, आणि त्याच्या जोरावर माणूस म्हणून हक्क मागितला. एखाद्या सेवेच्या नोंदीने याहून मोठे काम केल्याचे उदाहरण मला ठाऊक नाही.

१९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, तिच्या पहिल्या बोधचिन्हात कोरेगावचा स्तंभ होता. स्वतंत्र भारताच्या सैन्याने कोरेगाव, असई, खडकी असे आपल्याच लोकांशी लढून मिळवलेले रणसन्मान बाजूला ठेवले. तो निर्णय मला योग्य वाटतो. सैन्याने असले सन्मान मिरवू नयेत. पण सैन्याने निशाणावरून नाव उतरवले म्हणून त्या माणसांची नोंद इतिहासाने पुसावी असे होत नाही. ही गल्लत आपल्याकडे फार होते.

वॉलेसच्या कबरीची एक गोष्ट सांगायची राहिली. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये ती नोंदलेली आहे. शिरूरचे लोक त्या कबरीला सत्पुरुषाचे स्थान मानत. सुगीला पहिल्या धान्याचा नैवेद्य तिथे जाई. शिरूरपासून दोन मैलांवरच्या एका वाडीत त्याच्या एका भक्ताने त्याचे दुसरे स्थान बांधले, आणि सत्पुरुषाचा वास तिथेही राहावा म्हणून शिरूरच्या कबरीचा एक दगड नेऊन बसवला. परक्या देशाचा, आपल्याविरुद्ध लढलेला सेनापती. आणि ज्वारीचे पहिले कणीस त्याला. इंग्रज लेखकांना यात आपल्या चांगुलपणाचे प्रशस्तिपत्र दिसले. मला त्यात गावाची रीत दिसते. गावाच्या शिवेत जो पुरला गेला तो गावाचा झाला, त्याचे देणे गावाकडे आले, असे मानणारी. तिला सेवापुस्तक लागत नाही.

आता माझी विनंती.

कोरेगावच्या लढाईत आणि नंतरच्या साठ-सत्तर वर्षांत शिरूर, दौंड, हवेली, श्रीगोंदा या भागातून कोण कोण पलटणीत गेले, याची यादी अजून कोणी केलेली नाही. ती करता येईल. स्तंभावरची ४९ नावे ही तिची पहिली पाने. घोडनदीच्या गोऱ्यांच्या दफनभूमीतले दगड उघड्यावर आहेत. ते येत्या हिवाळ्यात वाचून, छायाचित्रे घेऊन ठेवावेत, आणि लंडनच्या दफन रजिस्टरांशी ताडावेत. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे मोडी रुमाल आहेत. त्यांत पलीकडच्या बाजूच्या स्वारांच्या हजिऱ्या, घोड्यांच्या गणत्या, चेहरेपट्ट्या मिळतील, आणि पेशव्यांच्या बाजूने जे पाच-सहाशे पडले त्यांची नावेही याच यादीत आली पाहिजेत. त्यांच्यासाठी स्तंभ कोणी बांधला नाही. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी वाचणारे लोक आहेत. शिकवायलाही तयार असतात.

आणि घराघरांतले कागद. पेन्शनचे पुस्तक, सनद, इनामाचा तंटा चालला असेल तर त्याची निकालपत्रे, देवघरात ठेवलेला तोडा किंवा कडे, भिंतीवर टांगलेली तलवार. पदक असेल तर ते चकाकवू नका. पॉलिशने कडेवरची अक्षरे जातात. कागद कोणाला देऊन टाकू नका. मूळ घरीच ठेवा, आम्हाला छायाचित्र घेऊ द्या. यादीचा तक्ता मी तयार करून आणला आहे, कार्यक्रमानंतर तो कार्यकर्त्यांकडे मिळेल. रकाने असे: नाव, बापाचे नाव, गाव, कोणत्या बाजूने लढला, पलटण किंवा पथक, लढाया, मेला किंवा परतला, घरच्यांना काय मिळाले. ज्याला जेवढे माहीत आहे तेवढेच भरा. गाव आणि नाव एवढे जरी लिहिले, तरी पुढचे शोधायला आम्हाला धागा मिळतो.